मधल्या भाटाची ओटी

माझ्या सासूबाईंनी मला आजवर एकदाच फसवलं, आणि तेही वाडीतल्या सहा बायकांना हाताशी धरून. माझा नवराही त्यात सामील होता, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. गुन्ह्याची जागा मोरटेंबची खाडी, मुद्देमाल म्हणजे गोणपाटाच्या ओल्या पिशव्या, आणि साक्षीदार म्हणजे चिखलात उभा असलेला एक खांब. खांब सरकारचा होता, पण बिघडला की बोलणी मला बसायची, तेव्हा तो माझाच म्हणायचा.

मी मूळची बार्शीची. समुद्रतळाच्या गाळावर शिकायचं म्हणून घर सोडलं, तेव्हा गाळात जायला फी कशाला भरायची, असं आजोबांनी विचारलं होतं. पुढे नोकरीही गाळातच लागली. पाहणीसाठी मोरटेंबला येता-जाता सिद्धेश तांडेलच्या होडीत बसून बसून एक दिवस मी त्याच्या घरातच येऊन बसले. सिद्धेश खाडीत प्रवाशांची ने-आण करतो. त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई प्रमिला, मधल्या भाटावर तिसऱ्या, म्हणजे चिखलात राहणारे खायचे शिंपले, काढायच्या.

मधला भाट म्हणजे खाडीच्या पोटातला चिखलाचा लांबट उंचवटा. ओहोटीला त्यावर जेमतेम गुडघाभर पाणी राहतं. वाडीतल्या सात बायका तिथे एका रांगेत उभ्या राहून पायांनी चिखल चाचपायच्या. तळव्याला टणक लागलं की वाकायचं, तिसरी उचलायची आणि कमरेच्या पिशवीत टाकायची. तोंडाने गप्पा, पायाने काम. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या सासवा असंच करत होत्या आणि त्यांच्याआधी त्यांच्या सासवा. भाटावर कुणाच्या मालकीची पाटी नव्हती, पण तो कुणाचा हे अख्ख्या खाडीला माहीत होतं.

एके वर्षी भाद्रपदात भाट गुदमरला. ते कसं झालं हे आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

अरबी समुद्राच्या खोल थरात प्राणवायू फार कमी असतो. पावसाळ्यात तळचं हे पाणी किनाऱ्याकडे चढून येतं आणि वारे फिरले की परत जातं. हे पूर्वापार चालत आलेलं आहे. पण समुद्र तापत गेला. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे तो गुदमरलेला थर वर्षागणिक जाड होत, जवळ सरकत आला. त्या वर्षी उधाणाबरोबर तो थेट खाडीत शिरला. वर पावसाचं गोडं पाणी, खाली हे जड पाणी, आणि दोन्ही एकमेकांत मिसळेनात. एकोणीस दिवस भाटावर श्वास घेण्यासारखं पाणी आलंच नाही.

आता गाळाचं. निरोगी गाळ वरून तपकिरी आणि खाली काळा असतो. तपकिरी भागात हवा पोचते, काळ्यात पोचत नाही. पण त्या काळ्यातही बिळं असतात. केसाएवढे किडे आणि तिसऱ्या वरचं पाणी सारखं आत ओढतात आणि बाहेर सोडतात, आणि प्रत्येक बिळाभोवती हवेशीर चिखलाचं एक अस्तर तयार होतं. आत राहणाऱ्यांच्या या उठाठेवीवरच गाळ जगतो. ते मेले की बिळं बुजतात, काळं वर येतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मार्गशीर्षापर्यंत खाडीत चांगलं पाणी परत आलं, पण भाटाला त्याचा उपयोग होईना. पाण्याबरोबर आलेली तिसऱ्यांची पिल्लं वरच्या विषारी सायीवर पडायची आणि मरायची. घर उघडायला माणूस हवा, आणि माणूस राहायला यायचा तर घर उघडं हवं, असा तो पेच होता.

अशा गाळांसाठी नवा कायदा आला होता. माघी पौर्णिमेपर्यंत गाळ सावरला नाही, तर तो निर्जीव ठरवायचा आणि सडका वायू बाहेर पडू नये म्हणून हातभर वाळू ओतून कायमचा झाकून टाकायचा. झाकला की संपलं. मग तिथे धक्का बांधा नाहीतर आणखी काही करा, तिसरी पुन्हा यायची नाही. सावरला की नाही, हे ठरवायचं माझ्या खांबाने आणि खाली सही करायची मी. बदली मागावी, असं मला वाटलं होतं. पण परका कुणी आला तर भिंगातून तरी नीट बघेल का, या शंकेने मी ती मागितली नाही.

खांबाला चोवीस कान होते आणि एक लांब सुई. सुई चिखलात चार बोटं खाली किती प्राणवायू आहे ते सांगायची. कान आवाज टिपायचे. किडे बिळात पाणी ओढतात त्याची बारीक सळसळ असते. तिसरी शिंपले मिटते तेव्हा टिक् होतं, आणि दोन तिसऱ्यांचं टिक् कधी सारखं नसतं. खांब प्रत्येकीला आवाजावरून ओळखायचा. या सगळ्याचा मिळून एक अंक निघायचा, त्याला आम्ही श्वासांक म्हणायचो. जित्याजागत्या भाटाचा श्वासांक साठ-सत्तर असतो. पास व्हायला तीस लागत होते, आणि मधल्या भाटाचे होते नऊ.

मी भाटाभोवती लाल फडकी लावली आणि आत कुणी पाय ठेवायचा नाही, असं वाडीत सांगून आले. घरी आले तर सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या.

"भाट मेलो काय जितो, ता आता खांबो सांगतलो?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. त्यावर त्या चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. रागावल्या नव्हत्या, पण ज्या पायांना रोज चिखल लागायचा ते पाय घेऊन बाई दिवसभर ओसरीवर बसून राहायची, आणि ते बघणं मला रागापेक्षा जड जात होतं. पाचव्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं, की खांबाला नेमकं काय ऐकायचं असतं? मी इतकी हरखले, की भाकरी करपेपर्यंत बोलत राहिले. किडे, बिळं, टिक्, सुई, श्वासांक, सगळं सांगितलं. तिसऱ्या असल्या की चिखल कसा उघडतो, तेही सांगितलं. सासूबाई मध्येमध्ये हं हं करत होत्या. सून म्हणून नाही पण मास्तरीण म्हणून तरी आपण पास झालो, असं मला त्या दिवशी वाटलं.

मग पौष लागला आणि जत्रांचे दिवस आले. आमच्या भागात जत्रेला माहेरवाशिणी माहेरी जातात आणि देवीची ओटी भरतात. दर आठवड्याला वाडीतली कुणी ना कुणी जात होती. शेजारची लतिका जाऊन आली, रोहिणी मेथर जाऊन आली, सासूबाई आडवणला आपल्या माहेरी दोन दिवस राहून आल्या. प्रत्येकीने मला जत्रेतलं गुळाचं खाजं आणून दिलं. इतकं खाजं खाल्लं, की माझी दाढ दुखायला लागली. प्रत्येकीबरोबर एक ओली पिशवी असायची. माहेरचं काहीतरी असेल म्हणून मी विचारलं नाही. दर गुरुवारी मी बैठकीसाठी तालुक्याला जायचे, आणि ओहोटी गुरुवारी दुपारची आहे का, हे सासूबाई आवर्जून विचारायच्या. त्याचंही मला काही वाटलं नाही. शास्त्रज्ञ माणसाचं लक्ष कुठे असतं ते देवालाच ठाऊक.

पौष पौर्णिमा झाली तसा श्वासांक अकरावर गेला. दोन दिवसांनी सोळा, मग एकवीस, मग सव्वीस. मी ओसरीवरून ओरडतच आत गेले. सासूबाईंनी मला साखर खायला दिली. सिद्धेश म्हणाला, वा, आणि पाठ करून इंजिनाच्या वायरी बघत बसला.

मी आमच्या प्रमुखांना, डॉ. मुजावरांना फोन करायला घेतला आणि सवयीने आधी आलेख उघडून बघितला. तिथेच माझा हात थांबला.

ओहोटीचं पाणी तळाला गेलं की भाटावरच्या तिसऱ्या साधारण एकदम मिटतात. आलेखावर त्या वेळी टिक्-टिक्ची एक गर्दी दिसते. आता तशा सात गर्द्या दिसत होत्या. एक नेहमीच्या वेळेची होती, अगदी बारीक. एक तिच्या वीस मिनिटं आधी, एक दहा मिनिटं नंतर, अशा विखुरलेल्या, आणि शेवटची तर पन्नास मिनिटं उशिरा. मला वाटलं, कान बिघडले. मी वायरी बदलल्या, खांब पुसला, कार्यालयाला शिव्या दिल्या. सात गर्द्या होत्या तशाच राहिल्या.

मग डोक्यात प्रकाश पडला. भरती-ओहोटी सगळीकडे एकाच वेळी होत नाही. मुखाशी पाणी लवकर उतरतं, खाडीत आत जावं तसा उशीर होत जातो. तिसरीच्या अंगात तिच्या गावच्या पाण्याचं घड्याळ असतं. तिला उचलून दुसरीकडे ठेवलं तरी काही दिवस ती जुन्याच वेळेला उघडते आणि मिटते. परगावी गेलेल्या माणसाला पहिले काही दिवस घरच्याच वेळेला भूक लागते, तसंच हे. मी किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं आणि कागदावर वाडीतल्या बायकांची नावं लिहून पुढे त्यांची माहेरं मांडली. वीस मिनिटं आधी म्हणजे मुखावरचं गाव, म्हणजे लतिका. दहा मिनिटं नंतर रोहिणी. पन्नास मिनिटं उशीर होईल इतकं आत एकच गाव होतं, आणि ते होतं आडवण.

सासूबाई नारळ खोवत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आई, आडवणच्या तिसऱ्या पन्नास मिनिटं उशिरा मिटतात."

त्यांनी खोवणं चालूच ठेवलं. "आडवणाक सगळाच उशिरान होता," त्या म्हणाल्या. "जेवाणसुद्धा."

मला हसू आलं नाही. मी इतकी संतापले होते, की माझा आवाज मलाच ओळखू येईना. कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं, की पाहणीच्या जागेत बाहेरचा जीव टाकला तर पाहणी रद्द होऊ शकते. त्याने रोग येतात आणि खांबही फसतो. पाहणी रद्द म्हणजे भाट निर्जीव, मग पौर्णिमेचीही वाट बघायची नाही. भाट वाचवायला म्हणून तुम्ही नेमकं तेच केलंत ज्याने तो बुडेल, असं मी त्यांना म्हणाले. आणि म्हणता म्हणताच माझ्या ध्यानात आलं, की चुलीपाशी बसून मी सगळं सांगितलं होतं, फक्त हा नियम सांगितला नव्हता. तिसऱ्या असल्या की चिखल उघडतो, हे मात्र तीनदा सांगितलं होतं.

सासूबाईंनी खोवणी बाजूला ठेवली. "आमी चोरी नाय केलंव गो. भाटाची ओटी भरलंव. बाईची ओटी रिती ऱ्हवली तर माहेरची माणसा भरतत. ह्याका माहेर नाय, म्हणान आमी आमचा दिलंव."

एव्हाना बातमी वाडीत गेली होती. बायका एकेक करून ओसरीवर येऊन बसल्या. कुणी नाकारलं नाही. मी कागदावरची नावं वाचून दाखवली, तेव्हा लतिकेला तर आपलं माहेर खांबाने ओळखलं याचा आनंदच झाला. नावं सहा होती. सर्वांत थोरल्या आनंदीकाकींचं माहेर मोरटेंबमध्येच, पलीकडच्या वाडीत, त्यामुळे त्यांना आणायला काही नव्हतं.

"माझा नाव कित्याक नाय त्यात?" त्या म्हणाल्या. "हळद-कुंकू कोणी वाह्यलान? पाण्यात कोण उभी ऱ्हवली, ह्यो?"

मी त्यांचंही नाव लिहिलं. मग सिद्धेश पुढे आला, खाली बघत म्हणाला, की पिशव्या होडीतून त्यानेच आणल्या, तेव्हा खाली त्याचंही लिही. त्याच्याशी मी नंतर बोलेन, असं मी त्याला सांगितलं.

त्या दुपारी मी खोलीत एकटी बसले. सहा गर्द्यांच्या वेळा एका रेषेत आणायला दोन बटणं पुरली असती. श्वासांक चढताच होता, पौर्णिमेपर्यंत तीस होणार हे दिसत होतं, आणि डॉ. मुजावरांनी माझे आलेख कधी दुसऱ्यांदा तपासले नव्हते. बाहेरचे जीव वजा केले तर मधल्या भाटाचे उरत होते अकरा. म्हणजे खरं लिहिलं तर भाट जाणार आणि खोटं लिहिलं तर राहणार. सासूबाई दारातून दोनदा डोकावून गेल्या. खोटं लिही, असं त्या म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्या काहीच म्हणाल्या नाहीत. त्यामुळे मला रडू आलं.

सकाळी त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "लिव. आमची नावा घाल, कोणाचा खंयचा ता सगळा घाल. भाट गेलो तर गेलो. तुझ्या नावाक बट्टो लागाक नको."

मी लिहिलं. कोणत्या गावच्या तिसऱ्या, कोणत्या गुरुवारी, किती, कुठे ठेवल्या, सगळं बायकांना विचारून लिहिलं. त्यांना तारखा आठवत नव्हत्या पण तिथ्या चोख आठवत होत्या. खाली माझी चूकही लिहिली. डॉ. मुजावरांचं उत्तर चार दिवसांनी आलं, आणि ते एवढंच होतं, की काही उपटू नका, काही टाकू नका, नोंदी चालू ठेवा, पौर्णिमेला मी येतो. सासूबाईंनी ते वाचून घेतलं आणि देवापुढे ठेवलं. वाळूचा तराफा कधी येणार, अशी चौकशी वाडीत सुरू झाली.

पुढचे दिवस मी रोज तेच करत होते. सहा गर्द्या शोधायच्या, वजा करायच्या, उरलेला अंक लिहायचा. पण हे काम रोज अवघड होत चाललं. आडवणच्या तिसऱ्या पन्नास मिनिटं उशिरा मिटायच्या, त्या चाळीसवर आल्या. मग तीस, मग अठरा. लतिकेच्या तिसऱ्या घाईच्या, त्या थोड्या थांबायला शिकल्या. बाराव्या दिवशी आलेखावर एकच गर्दी उरली, रुंद आणि दाट, मोरटेंबच्या ओहोटीला बरोबर मिटणारी. कानांना अजूनही प्रत्येकीचा आवाज वेगळा ओळखू येत होता म्हणून माझी वजाबाकी चालली, नाहीतर कोण कुठली हे सांगायची सोय नव्हती. हे मी जेवताना सांगितलं तर आनंदीकाकी, ज्या हल्ली बातमीसाठी रोज येऊन बसायच्या, म्हणाल्या की प्रमिलेला इथल्या वेळेवर यायला दोन वर्षं लागली होती. सासूबाई महिन्याभरात पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग मलाच किती लागली हे त्यांनी विचारू नये म्हणून भात वाढून घेतला.

आणि वजाबाकी करूनही अंक वाढत होता. अकराचा तेरा झाला, तेराचा सतरा, सतराचा चोवीस. मी चार-चारदा हिशेब तपासला. पौर्णिमेच्या आधीचे चार दिवस मी तो उघडून बघितलाच नाही. नोंद यंत्र आपोआप घेत होतं, आणि माझ्यात हिंमत नव्हती.

माघी पौर्णिमेला सकाळी डॉ. मुजावर सिद्धेशच्या होडीतून आले. कोल्हापूरकडचे, उंच, बोलायला अगदी तोलून मापून. ओहोटी संध्याकाळी होती. भाटावर त्यांनी मला बाजूला उभं केलं आणि स्वतः पारदर्शक नळी चिखलात हातभर दाबून वर काढली. सातही बायका फडक्यांच्या बाहेर, मांडीभर पाण्यात, पदर खोचून उभ्या होत्या. मग ती नळी त्यांनी उन्हात धरली. तीन महिन्यांपूर्वी अशी नळी काढली होती ती वरपासून खालपर्यंत डांबरासारखी काळी होती.

आता वर दोन बोटं तपकिरी होतं. त्याखाली काळं, पण त्या काळ्यातून तपकिरी वाटा खाली गेल्या होत्या. रुंद वाटा तिसऱ्यांच्या होत्या. आणि त्या वाटांच्या कडांना फुटलेल्या केसाएवढ्या बारीक वाटा मात्र तिसऱ्यांच्या नव्हत्या. डॉ. मुजावरांनी नळीला भिंग लावलं आणि मला बघायला सांगितलं. तिथे एक लाल किडा वळवळत होता.

"हा कुणी आणला?" त्यांनी विचारलं.

कुणी आणला नव्हता. बायकांनी तिसऱ्या तीन पाण्यांत धुऊन आणल्या होत्या, तेही मी तिथीवार लिहिलं होतं. तो इथलाच होता. भाद्रपदात मेले नसतील असे थोडे कडेला राहिले असतील, किंवा पाण्याबरोबर आले असतील. त्यांना दार हवं होतं, ते तिसऱ्यांनी उघडलं होतं.

डॉ. मुजावरांनी खांबाच्या नोंदी मागितल्या. तिसऱ्या त्यांनी पूर्णपणे वगळल्या, बाहेरच्याच नव्हे, इथल्याही. फक्त सुई आणि किडे धरून अंक काढला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. बत्तीस आला.

मग ते म्हणाले, की नियमात पाहणी रद्द करता येईल असं लिहिलंय, केलीच पाहिजे असं नाही, आणि ते ठरवायचा अधिकार त्यांचा आहे. "मरणाऱ्या चिखलात तिसरी आपलं घड्याळ बदलत नाही, मिटते आणि मिटूनच राहते. तुमच्या तिसऱ्यांनी बाराव्या दिवशी इथली वेळ धरली. चिखल राहण्याजोगा झाल्याचा याहून चांगला पुरावा मला करता आला नसता. आणि कुठली कोण हे तुम्ही लिहून ठेवलं नसतं, तर मला हा कागद फाडावा लागला असता." एवढं बोलून त्यांनी अहवालातल्या उपाययोजनेच्या रकान्यात ओटी असं लिहिलं. किनाऱ्यावर असे आणखी अकरा गाळ वाळूची वाट बघत पडलेत, तिथल्या बायकांशी बोलायला कुणी येईल का, असं त्यांनी वळून विचारलं. रोगाची तपासणी आधी आम्ही करू, बाकी तुम्ही सांगाल तसं. रोहिणीने लगेच प्रवासखर्च मिळेल का म्हणून विचारलं.

सही मी केली. पेन ओलं झालं होतं, दोनदा गिरवावं लागलं. मग बायकांकडे तोंड करून बत्तीस म्हणून सांगितलं, तर कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांचा आकड्यांवरचा विश्वास केव्हाच उडाला होता.

"सरळ सांग गो," सासूबाई म्हणाल्या. "काय ता एक सांग."

"जितो आसा," मी त्यांच्या भाषेत म्हटलं.

आनंदीकाकींनी पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला. लतिका नाचायलाच लागली आणि तिने डॉ. मुजावरांना डोक्यापर्यंत भिजवलं. सासूबाई फडकं वर उचलून त्याखालून आत आल्या, आणि त्यांनी पिशवीतून मूठभर तांदूळ आणि हळद काढून माझ्या ओंजळीत ठेवली. बार्शीला खाडी नाही, तर तांदूळ चालतात, असं त्यांनी सांगितलं. मला इतका आनंद झाला होता, की तो कुठे ठेवावा तेच समजत नव्हतं.

मी बूट काढून सिद्धेशच्या होडीत फेकले आणि अनवाणी चिखलात उतरले. चिखल गार होता, घोट्याच्या वर आला. मी तांदूळ पाण्यावर सोडले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्या पावलाला तळव्याखाली काहीतरी टणक हललं आणि मिटलं. मी तशीच उभी राहिले. कान लावायची गरज नव्हती, ते पायालाच कळलं होतं.

"आई, एक आहे," मी म्हटलं.

"असांदे थयच, काढू नको," सासूबाई म्हणाल्या. "पाय उचल."

मी पाय उचलला.